डिमॉइनला राहायला जावं का? मराठी घरांतून येणारे नेहमीचे प्रश्न

विमा-वित्तातली प्रिन्सिपल आणि शेतीची यंत्रं बनवणारी जॉन डिअर या दोन्ही कंपन्यांची पुण्यात मोठी ऑफिसं आहेत, आणि दोघींचाही पसारा अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या राजधानीत, डिमॉइनमध्ये आणि आसपास आहे. त्यामुळे हे नाव आपल्या घरांत अधूनमधून अचानक निघतं. कधी बदली, कधी प्रोजेक्ट, कधी जवळच्या एम्स गावातल्या आयोवा स्टेट विद्यापीठातून शिकून निघालेल्या मुलाची पहिली नोकरी. मग फोन सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची ही उत्तरं. मतं माझी आहेत, ती तशीच घ्यावीत.

आधी हे सांगा, शहर केवढं आहे?

२०२० च्या जनगणनेत डिमॉइन शहराची लोकसंख्या २,१४,१३३ होती. वेस्ट डिमॉइन, वॉकी, अँकेनी, जॉन्स्टन, अर्बनडेल, क्लाइव्ह ही चिकटून असलेली गावं धरली तर सगळा परिसर सात लाखांच्या आसपास जातो. आपली बहुतेक माणसं पश्चिमेकडच्या किंवा उत्तरेकडच्या या गावांतच राहतात, खास डिमॉइनमध्ये थोडी. आय-८० आणि आय-३५ हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. ओमाहा दोन तासांवर, कॅन्सस सिटी तीन, मिनियापोलिस साडेतीन आणि शिकागो पाच तासांवर. मध्ये मका आणि सोयाबीन.

‘राहायला उत्तम शहरां’च्या यादीत डिमॉइन वर असतं. त्यावर किती विसंबायचं?

यादी खोटी नसते, पण ती सरासरी माणसासाठी काढलेली असते. घराची किंमत पगाराच्या किती पट, बेकारी किती, ऑफिसला पोचायला किती मिनिटं, शाळा कशा, गुन्हे किती, असे आकडे एकत्र करून गुण देतात. या सगळ्यात डिमॉइन खरंच चांगलं आहे. मात्र असे गुण ज्या घराला पुरेपूर लागू पडतात त्या घरात दोघं कमावतात, दोन गाड्या असतात, घर स्वतःचं असतं आणि नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही.

तुमचं घर तसं असेल तर यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवा. नसेल तर माझा सल्ला असा, की घरात ज्याच्या हातात सगळ्यांत कमी पर्याय आहेत त्याच्या बाजूनं शहर बघा. बहुधा ती एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याचा जोडीदार म्हणून, आलेली बायको किंवा आलेला नवरा असतो, किंवा सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. ज्याला सकाळी गाडी काढून ऑफिसला जायचंय त्याचा दिवस अमेरिकेच्या कुठल्याही मध्यम शहरात बरा जातो. प्रश्न मागे घरात राहणाऱ्याचा असतो.

नोकऱ्या कोणत्या क्षेत्रात आहेत?

विमा आणि वित्त हा इथला जुना धंदा. प्रिन्सिपलची सुरुवात १८७९ मध्ये याच गावात झाली. अथीन, नेशनवाइड, वेल्स फार्गो यांचीही मोठी ऑफिसं आहेत. दुसरा खांब शेतीचा. जॉन्स्टनमध्ये कॉर्टेव्हाचं बियाण्यांचं काम चालतं, म्हणजे जुनी पायोनिअर. अँकेनीत जॉन डिअरचा कारखाना आहे, तिथे फवारणी यंत्रं आणि कापूस वेचणारी यंत्रं बनतात. राज्य सरकार आहे, हॉस्पिटलं आहेत. मायक्रोसॉफ्टची वेस्ट डिमॉइनमध्ये आणि मेटाची अल्टूनात प्रचंड डेटा सेंटरं आहेत. इमारती बघून हुरळू नका, एवढ्या मोठ्या जागेत माणसं फार थोडी लागतात.

एक गोष्ट मात्र बायोडेटा पाठवण्याआधी नवरा-बायकोनं बसून बोलावी. एच-१बी वर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. डॅलस किंवा शिकागोत त्या मुदतीत घर न हलवता दुसरी कंपनी मिळण्याची शक्यता बरी असते. इथे तुमच्या कामाला माणूस घेणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मंदी आली की विमा आणि शेती-यंत्रं या दोन्ही ठिकाणी भरती एकदम थंडावते. २०२४ मध्ये शेतमालाचे भाव पडले तेव्हा डिअरनं आयोवातल्या कारखान्यांतून मोठी कामगारकपात केली. ग्रीन कार्ड हातात असलेल्याला हे वर्ष निघून जाईल असं वाटतं. व्हिसावाल्याला ते मुलांच्या शाळेसकट घर उचलायला लावू शकतं. म्हणून इथे स्वस्ताईमुळे जे पैसे वाचतात त्यातले निदान सहा महिन्यांच्या खर्चाचे बाजूला ठेवाच.

खर्च खरंच कमी आहे का?

घर आणि वेळ या दोन बाबतींत हो. पश्चिमेकडच्या उपनगरांत चार बेडरूमचं, तळघर असलेलं, बऱ्यापैकी नवं घर साडेतीन-चार लाख डॉलरच्या आसपास मिळतं. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात त्या पैशात काय येतं ते तिथल्या मित्राला विचारा. ऑफिसला जायला वीस मिनिटांच्या आसपास लागतात. मोठ्या शहरांच्या मानानं दोन्ही बाजूंचा मिळून रोजचा तासभर तरी वाचतो, तो कुठल्याच पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

आता उलट बाजू. दोन गाड्या लागतातच. बाळाच्या पाळणाघराला महिन्याला हजार डॉलरच्या वर जातात आणि जागेसाठी आधीपासून नाव नोंदवावं लागतं. राज्याचा आयकर २०२५ पासून सरसकट ३.८ टक्के आहे, किराण्यावर विक्रीकर नाही, पण घरपट्टी झोंबते. घराच्या किमतीच्या दीड ते दोन टक्के धरून चाला, म्हणजे वर सांगितलेल्या घराला वर्षाला पाच ते आठ हजार डॉलर. दर विषम वर्षी फेरमूल्यांकन होतं, त्यामुळे कर्जाचा हप्ता तोच राहिला तरी महिन्याचं देणं वाढतं. दलाल तुम्हाला हप्ता सांगतो, पट्टी विचारावी लागते.

मी एच-४ वर येणार आहे. माझा दिवस कसा जाईल?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो आणि तो सगळ्यांत आधी विचारायला हवा.

कामाची परवानगी तुम्हाला तेव्हाच मिळते जेव्हा जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा कंपनीनं केलेला) अर्ज मंजूर झालेला असतो, किंवा त्याच्या एच-१बी ला सहा वर्षांच्या पुढे मुदतवाढ मिळालेली असते. २०१५ पासून हा नियम आहे. तोवर पगारी काम नाही. त्या काळात हातात गाडी नसेल तर नोव्हेंबर ते मार्च तुम्ही घरात अडकता, यात अतिशयोक्ती नाही. डार्ट नावाची बससेवा आहे, पण तिचा भर मूळ शहरावर. नव्या उपनगरांत बस नाहीच असं समजून योजना करा. म्हणून आल्या आल्या लायसन्स. ‘उन्हाळ्यात बघू’ म्हणत पहिला हिवाळा घरात काढलेल्या कितीतरी जणी सांगतील की ती चूक टाळा. दुसरी गाडी जुनी, साधी का असेना, ती चैन नाही.

शिकायचं असेल तर डीएमएसीसी हे सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज अँकेनीत आणि इतर ठिकाणी आहे, फी विद्यापीठांच्या मानानं कमी. सार्वजनिक वाचनालयं फार चांगली. गावातलं मुख्य वाचनालय डेव्हिड चिपरफिल्ड या ब्रिटिश वास्तुविशारदानं केलंय, तांब्याच्या जाळीच्या काचांतून आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. लहान मुलांच्या गोष्टींच्या तासाला इतर आया भेटतात. अनेकींच्या इथल्या ओळखी तिथेच सुरू होतात, मंडळाच्या कार्यक्रमात नंतर.

पुण्यात तुमची स्वतःची चांगली नोकरी चालू असेल तर ती सोडण्याआधी हे ठरवा, की परवानगी यायला तीन-चार वर्षं लागली तर दोघांनाही ते झेपणार आहे का. नवऱ्याच्या पगारातली वाढ आणि तुमचा थांबलेला पगार यांची वजाबाकी कागदावर करा. कधीकधी उत्तर उणे येतं.

थंडी किती?

जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास. दरवर्षी काही दिवस असे येतात की वाऱ्यासकट उणे ३० वाटतं. १५ जानेवारी २०२४ च्या रात्री रिपब्लिकन पक्षाचा कॉकस, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठीच्या मतदारांच्या बैठका, अशाच गारठ्यात झाला आणि जगभरचे पत्रकार पापण्यांवर बर्फ घेऊन बातम्या देत होते. वर्षभरात साधारण ९० सेंटिमीटर बर्फ पडतो.

बर्फापेक्षा वाईट तो वितळून पुन्हा गोठतो तेव्हाचा काचेसारखा थर. त्यावर घसरून मनगट मोडतं. घरासमोरची पायवाट ठरलेल्या मुदतीत साफ करणं मालकाची जबाबदारी असते. मध्य शहरात इमारतींना जोडणारे काचेचे बंद पूल आहेत, एकूण चार मैलांहून लांब, त्यामुळे तिथे काम करणारा माणूस कोट न घालता जेवून येतो. उपनगरात अशी सोय नाही.

आणि वादळं? टोर्नेडो?

येतात. ५ मार्च २०२२ ला विंटरसेटजवळ आणि २१ मे २०२४ ला ग्रीनफिल्ड गावात माणसं गेली. दोन्ही गावं डिमॉइनच्या नैर्ऋत्येला गाडीनं तासाभराच्या आत. १० ऑगस्ट २०२० चं डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत धावणारं वादळ, राज्यभर शेतं झोपवून गेलं. सीडर रॅपिड्सला सर्वाधिक मार बसला. एका ठरावीक घरावर टोर्नेडो येण्याची शक्यता फार कमी असते, पण भोंगा वाजला की तळघरात जायचं हे मुलांनाही माहीत हवं. भाड्याचं घर बघताना तळघर आहे का, नसेल तर इमारतीत आसरा कुठे, हे विचारा. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आवडला तरी विचारा.

पिण्याच्या पाण्याबद्दल वाचलं. काळजीचं आहे का?

हा विषय थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण दलालही सांगत नाहीत आणि याद्यांतही येत नाही.

डिमॉइन आणि रॅकून या दोन नद्यांतून शहराला पाणी मिळतं. वरच्या बाजूला मैलोन्मैल मका आणि सोयाबीन, शिवाय डुकरांचे मोठे गोठे. शेतजमिनीखाली पाणी काढून टाकणाऱ्या नळ्या घातलेल्या आहेत. खत आणि शेणखतातलं नायट्रेट मातीत मुरण्याऐवजी या नळ्यांतून ओढ्यात, ओढ्यातून नदीत येतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली जाऊ नये म्हणून इथल्या जलपुरवठा संस्थेनं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नायट्रेट काढण्याचं खास केंद्र उभारलं, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. २०१५ मध्ये त्यांनी वरच्या तीन काउंटींतल्या (जिल्ह्यांतल्या) निचरा मंडळांवर, म्हणजे या नळ्यांच्या पाण्याचा कारभार बघणाऱ्या संस्थांवर, खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. जून २०२५ मध्ये नदीतलं नायट्रेट इतकं वाढलं की शुद्धीकरणाची क्षमता पुरावी म्हणून हिरवळीला पाणी घालायला बंदी आली.

नळाला येणारं पाणी मर्यादेच्या आत ठेवलं जातं. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर दुधाच्या पावडरीसाठी वेगळं पाणी वापरावं का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. त्या वयात नायट्रेटचा धोका सर्वाधिक. साधा जगवाला फिल्टर नायट्रेट काढत नाही, त्याला रिव्हर्स ऑस्मोसिस लागतं. आपल्याकडच्या आरओची सवय इथे उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट रेडॉनची. हा किरणोत्सर्गी वायू जमिनीतून तळघरात येतो, त्याला वास नाही, रंग नाही. आयोवाच्या सगळ्या ९९ काउंटी ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या सर्वाधिक धोक्याच्या गटात आहेत. तपासणीचं किट स्वस्त असतं. आकडा ४ पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा जास्त आला तर तळघरातून छतापर्यंत पाइप आणि पंखा बसवतात. घर विकत घेताना हे काम विक्रेत्याकडून करून घेता येतं, पण मागितलं तरच.

हे सगळं मी घाबरवायला लिहिलेलं नाही. राज्याची कर्करोग नोंदणी संस्थाच सांगते की नव्या रुग्णांच्या प्रमाणात आयोवा देशात सर्वांत वरच्या राज्यांत मोडतो. कारणं किती कशाची यावर वाद चालू आहे. तेव्हा जे आपल्या हातात आहे, म्हणजे रेडॉन आणि बाळाचं पाणी, तेवढं तरी करावं.

शाळा कशा आहेत?

उपनगरांतल्या सरकारी शाळा चांगल्या आणि फुकट. वॉकीची लोकसंख्या इतकी झपाट्यानं वाढली की २०२१ मध्ये तिथे दुसरं हायस्कूल उघडावं लागलं. डिमॉइन शहराचा शाळा विभाग राज्यात सर्वांत मोठा आहे, आपली माणसं त्याच्याबद्दल ऐकीव गोष्टींवर नाक मुरडतात. त्याच विभागाची सेंट्रल अकॅडमी मात्र हुशार मुलांसाठी उत्तम आहे. जेईईच्या तालमीत वाढलेल्या पालकांना गणिताचा वेग संथ वाटतो. खेळ, बँड, वादविवाद यांना इथे जो वेळ मिळतो त्याची किंमत पालकांना जरा उशिरा कळते.

देऊळ, किराणा, मराठी माणसं?

हिंदू मंदिर मॅड्रिड नावाच्या गावाजवळ आहे, पश्चिमेच्या उपनगरांतून पाऊण तास धरा. भारतीय किराण्याची दुकानं आहेत, मेथी, गवार, कढीपत्ता मिळतो, ताजेपणा कुठल्या दिवशी ट्रक येतो त्यावर. तो वार दुकानदाराला विचारून ठेवायचा. भाजणी आणि गोडा मसाला घरून आणतात ते आणतातच. उन्हाळ्यात मागच्या अंगणात भेंडी, वांगी, मिरच्या उत्तम येतात, माती काळीभोर आहे. मे महिन्याच्या मध्याआधी रोपं बाहेर लावू नका, गोठलेलं दव मारतं.

मराठी घरं कमी, त्यामुळे गणपतीला सगळे सगळ्यांना ओळखतात. याचे फायदे दिसतातच. तोटाही आहे: एखाद्या कुटुंबाशी बिनसलं तर दुसरा गट निवडायला वाव नाही.

लोक कसे वागतात?

शेजारी हात करतात, बर्फात गाडी अडकली तर थांबतात. त्यापलीकडे घरात बोलावणं यायला वेळ लागतो, कारण बहुतेकांचे मित्र शाळेपासूनचे आणि भावंडं वीस मिनिटांवर. राज्य बहुतांशी गोरं आहे, पण शहराचा इतिहास वेगळा. १९७५ मध्ये गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातल्या ताई दाम निर्वासितांना एकत्र इथे वसवलं. नंतर बोस्नियातून, म्यानमारमधून, आफ्रिकेतून माणसं आली. नदीकाठच्या आशियाई बागेला रे यांचंच नाव आहे. वाईट अनुभव कुणालाच येत नाहीत असं नाही. तरी शाळेतल्या वर्गात तुमचं मूल एकटंच वेगळ्या नावाचं असेल ही भीती वॉकीत किंवा जॉन्स्टनमध्ये आता उरलेली नाही.

कंटाळा येत नाही का?

पंचविशीत, एकटे असाल तर येईल. विमानं कमी, मैफली कमी, आणि ज्यांच्याशी लग्न जुळावं असं वाटेल अशी माणसंही कमी. शिकागो, डॅलस सोडून इथे या असं मी अशा कुणाला सांगणार नाही.

बाकीच्यांना करायला पुष्कळ आहे. मे ते ऑक्टोबर शनिवारी कोर्ट अॅव्हेन्यूवर शेतकरी बाजार भरतो. ऑगस्टमध्ये अकरा दिवसांची राज्य जत्रा, दहा लाखांवर माणसं, आणि १९११ पासून चालत आलेली लोण्याची अख्खी गाय. सायकल चालवत असाल तर स्वर्ग आहे. अँकेनीहून निघणारी हाय ट्रेसल वाट मॅड्रिडजवळ नदीवरच्या जुन्या रेल्वेपुलाच्या जागी बांधलेल्या पुलावरून जाते, जवळपास तेरा मजले उंच. देवदर्शन आणि पूल एका रविवारात होतात.

आणि नदीकाठच्या जुन्या वाचनालयाच्या इमारतीत वर्ल्ड फूड प्राइझचं दालन आहे. आयोवाचेच नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलेला हा पुरस्कार १९८७ मध्ये पहिल्यांदा एम. एस. स्वामिनाथन यांना मिळाला. १९९८ चे मानकरी जालन्याचे बद्रीनारायण बारवाले, महिको या बियाणे कंपनीचे संस्थापक. पाहुणे आले की तिथे न्या, निदान मराठवाड्याच्या पाहुण्यांना तरी.

आई-बाबांना बोलवायचं आहे. कधी?

एप्रिलच्या शेवटी बोलवा, ऑक्टोबरमध्ये परत पाठवा. मुंबईहून थेट विमान नाही, बहुधा दोनदा बदलावं लागतं. शिकागोला उतरवून पाच तास गाडीनं आणणारेही आहेत, व्हीलचेअर लागणाऱ्यांना ते बरं पडतं. पाहुण्यांचा विमा आधीपासूनच्या आजारांना बहुतेक वेळा धरत नाही, हे पॉलिसीतलं कलम शब्द न शब्द वाचा. हृदयरोग, बालरोग यांसाठी गावात चांगली हॉस्पिटलं आहेत. फार गुंतागुंतीचं असलं तर आयोवा सिटीचं विद्यापीठ हॉस्पिटल दोन तासांवर आणि रॉचेस्टरचं मेयो क्लिनिक तीन तासांवर आहे.

घर निवडताना त्यांना पायी कुठवर जाता येईल ते पाहा. तलावाभोवतीची फिरायची वाट आणि एखादं दुकान पायी अंतरावर असेल तर बाबांचा दिवस निघतो.

ओमाहा, मॅडिसन की डिमॉइन?

विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन सुंदर आहे, तळी आहेत, विद्यापीठामुळे जाग आहे, पण घरं बरीच महाग. ओमाहा मोठं आहे, त्यामुळे नोकरी बदलायला थोडी जास्त जागा. इंडियानातलं कोलंबस या सगळ्यांहून खूप छोटं, तरी कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे पुणेकरांना ते अनोळखी वाटत नाही. व्हिसावर असाल तर ओमाहा, ग्रीन कार्ड आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर डिमॉइन, असं मी सांगतो.

निर्णय घेण्याआधी भेट द्यायची तर कधी?

फेब्रुवारीत. जत्रेच्या महिन्यात कुठलंही शहर आवडतं. दोघंही या, एकट्यानं येऊन ठरवू नका. मंगळवारी सकाळी ज्या भागात राहायचा विचार आहे तिथे गाडीशिवाय दोन तास काढून बघा. संध्याकाळी साडेपाचला ऑफिस ते घर गाडी चालवा. किराण्याच्या दुकानात पाळणाघरांबद्दल विचारा, तिथे आलेल्या आया खरं सांगतात. पहिलं वर्ष भाड्यानं राहा, आणि भाडेकरार मध्येच मोडावा लागला तर किती पैसे भरावे लागतील ते कलम सही करण्याआधी वाचा.